मेल्यावर मोठी झालेली युक-पिंग

युक-पिंग मेली आणि तिचं नशीब उघडलं. म्हणजे सिनेमात मेली. खरी युक-पिंग अजून धडधाकट आहे, व्हँकुव्हरला मुलाकडे राहते, आणि तिच्या वाढदिवसाला तिथली तरुण पोरं फुलं घेऊन दारात उभी असतात. त्याच सिनेमाची नायिका मी होते. माझ्या दारात कोण येतं? दूधवालासुद्धा नाही.

हाँगकाँगात डायमंड हिलच्या पायथ्याशी आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पत्र्याची शेड. सिनेमा बायकांच्या तुरुंगाचा. कोठडीत दोन मैत्रिणी. एकीला दुष्ट जेलरीण फासावर चढवते, पण ही मैत्रीण एका म्हाताऱ्या कैदिणीकडून काळे मंत्र शिकलेली असते. ती भूत होऊन परत येते आणि एकेका पहारेकरणीचा जीव घेते. दुसरी शेवटी सुटते. तुरुंगाचे गज लाकडाचे होते, टेकलं की हाताला चंदेरी रंग लागायचा. एकच भिंत फिरवून कोठडी व्हायची, स्वयंपाकघर व्हायचं आणि फाशीघरही व्हायचं.

दिग्दर्शक ताम म्हणाले, "लाय-हा, तू जुनी. आधी तू निवड. मरणारी की सुटणारी?"

"सुटणारी," मी म्हटलं. शेवटपर्यंत पडद्यावर राहते ती नायिका, हे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय आमच्या चिनी पंचांगात ते ड्रॅगनचं वर्ष होतं आणि मी ड्रॅगनच्याच वर्षात जन्मलेली. आपल्या प्राण्याचं वर्ष आलं की आमच्यात माणसं जपून असतात. आईने बजावलं होतं, "यंदा खोटं खोटंसुद्धा मरायचं नाही हं."

म्हणून युक-पिंग मेली. प्रेताचं काम करणाऱ्याला अपशकुन उतरावा म्हणून लाल पाकीट देतात, आणि त्यातले पैसे घरी जायच्या आत उडवायचे असतात. तिने सगळ्यांना लोणी घातलेले पाव आणि दुधाचा चहा दिला. सगळे तिच्याभोवती. कपडे सांभाळणारी फाय-मावशी पपनसाचा पाला घातलेलं पाणी घेऊन तिच्यामागे. "ये गं बाळे, विटाळ धुऊन टाक." मला त्या मावशीने जन्मात कधी बाळे म्हटलं नव्हतं.

मला वाटलं, मेली, सुटले. पण मेल्यावर तिचं काम वाढतच गेलं. ताम कॅमेऱ्यातून बघून मांडीवर थाप मारायचे, "जिवंत होती तेव्हा दगड होती. आता बघा!" खिडक्यांना काळं कापड लावून भर दुपारी रात्र करायची, युक-पिंगला तारेने वर टांगायचं, आणि मी खाली गज धरून किंचाळायचं.

"लाय-हा, घाबर!"

"घाबरतेय की."

"कुठे? सुनेच्या हातचं खारट सूप प्यायल्यासारखी बघतेयस तिच्याकडे."

सगळे खदखदून हसले. तारेवरची युक-पिंगही हसली आणि झोके खात राहिली. मग वरूनच म्हणाली, "ताई, मला काही येत नाही हो. दोरी काखेत काचते ना, म्हणून डोळे असे मोठे होतात." एवढी साधी! जरा गर्व केला असता तर मला सुखाने राग तरी करता आला असता.

मग सिंगापूरहून सिनेमा विकत घेणारा आला. त्याने पोस्टरवर भूत मागितलं, फक्त भूत. मी तडक तामांकडे गेले.

"मलाही मारा."

"अगं, तू शेवटी सुटतेस. दार उघडतं, ऊन येतं, तू चालत जातेस..."

"ऊन बघायला कोण तिकीट काढतंय? दारातच मारा मला. मग दुसऱ्या भागात मीही भूत होऊन उठेन."

तामांना ते पटकन पटलं. बाहेर उन्हात जाऊन चित्रण करायचा त्रास वाचत होता. आई मात्र आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

मी फार सुंदर मेले, हे मला सांगायलाच हवं. उघड्या डोळ्यांनी. ओठावर माशी बसली तरी हलले नाही. आणि तेवढ्यात तामांनी तारेवरच्या युक-पिंगला खालून काहीतरी खूण केली. ती वरून अलगद उतरली आणि तिने तळव्याने माझे डोळे मिटले. कथेत हे नव्हतं. थिएटरात त्या जागी बायका हुंदके द्यायच्या. माझ्या मरणावर नाही, तिच्या हातावर.

सिनेमा चालला. दुसऱ्या भागासाठी बोलावणं आलं तेव्हा मी नवा झगा घालून गेले.

"मी कधी उठते?"

ताम डोकं खाजवत म्हणाले, "तिने तुझे डोळे मिटले ना गं. लोक म्हणतात, बिचारीला शांती मिळाली. शांती मिळालेली बाई उठेल कशी?"

आरशासमोर युक-पिंगच्या तोंडाला सफेदा लावणं चाललं होतं. "ताई, शप्पथ, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. आणि खरंच तिला माहीत नव्हतं.

मी निघाले, तर ताम म्हणाले, "आलीच आहेस तर थांब. नव्या नायिकेला किंचाळता येत नाही. आवाज तुझा लावू?"

लावला. पडद्यावर ती कोवळी पोरगी तोंड उघडायची आणि अंधाऱ्या खोलीत मी युक-पिंगच्या पांढऱ्या चेहऱ्याकडे बघत किंचाळायचे. संपल्यावर युक-पिंग मागून आली, माझा दंड धरला. "काय घाबरवलंत हो ताई! अंगावर काटा आला." तो सबंध दिवस मी खूश होते.

नंतर कळलं, ती सगळ्यांनाच असं म्हणते.