माचेवरची हाळी

"आता रक्त कशाला घेता? त्याच्या अंगात उरलंय कुठं?" मी विचारलं.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. "काका, मोठ्या अपघातानंतर कोण सावरणार, हे रक्तातल्या पेशींवरून आधी कळतं का, ते आम्ही तपासतोय. तुमची हरकत असेल तर राहू दे."

खाटेवर माझा मेहुणा नवसू होता. टोकावड्याला चिखलणी करताना ट्रॅक्टर उलटून अंगावर आला. कंबरेचं हाड मोडलं, आतड्याला मार लागला. मुरबाडहून त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. माझ्या बायकोच्या, शकूच्या माहेरचा एवढाच माणूस उरला होता. हसला की डोळे तिच्यासारखेच बारीक व्हायचे.

"पांढऱ्या पेशी किती हायत?"

"भरपूर आहेत."

शकूच्याही भरपूर होत्या. विहिरीच्या काठावरून पडून तिची मांडी मोडली, ऑपरेशन नीट झालं, आणि मग जंतू अंगभर पसरून ती गेली. रक्तात एवढे राखणदार असताना कशी गेली? मी मॅडमना तेच विचारलं.

त्या स्टूल ओढून बसल्या. "नुसत्या असून भागत नाही, काका. काही पेशींवर एक खूण असते. जंतू सापडला की त्याचा तुकडा त्या खुणेवर धरून त्या बाकीच्या पेशींना दाखवतात. मोठा मार बसला की कधीकधी ती खूण पुसट होते. पेशी असतात, पण इशारा देत नाहीत."

"म्हंजे माचेवर माणूस हाय, पण हाळी देत नाय."

"माच?"

"भात राखायला बांधतो ती. डुकरं आली की वरून वरडायचं. वरचा गप बसला तर खालचे झोपूनच."

"हो, तसंच."

"मंग माझ्या बायकोचं तसंच झालं?"

"त्यांची ही तपासणी झाली नव्हती, त्यामुळे ठाम सांगता येणार नाही. पण असू शकतं."

असू शकतं. मला तेवढं पुरलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

नवसूची खूण आधी फार पुसट होती. ताप हटत नव्हता. मॅडम दिसल्या की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. एका सकाळी त्या स्वतःहून माझ्याकडे आल्या. "खूण ठळक होतेय. वचन देत नाही, पण लक्षण चांगलं आहे."

पुढं ताप उतरला, तोंडातली नळी निघाली. नवसूनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दाजी, दाढी करा. नायतर शिस्टर मला सोडून तुमालाच सुई टोचंल."

मी हसलो. मग नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिलो.

भात पोटरीला आलं तेव्हा नवसू माझ्या घरी, तानसा धरणाजवळ होता. वॉकर धरून अंगणापर्यंत यायचा. मी संध्याकाळी माचेवर बसायचो. पूर्वी मी हाळी दिली की शकू अंगणातून उलट हाळी द्यायची. ती गेल्यापासून मी फक्त डुकरांसाठी ओरडत होतो.

एके दिवशी हाळी दिली आणि सवयीनं जरा थांबलो.

"दाजीऽऽ," अंगणातून आवाज आला, "हाळी देता का खोकता? या आता, भाकर निवती."

मी माचेवरून उतरलो.