चांगल्या कानांनी केलेली निवड

सत्यभामेचं लग्न झालं ते साल एकोणीसशे साठ. वैशाखात भिलाईच्या कॅम्प-१ या कामगार वस्तीत मांडव पडला आणि त्याच मांडवात मी या घरी आलो. मित्रांनो, मी हेडफोनचा एक जुना जोड आहे. दोन जाड काळ्या वाट्या, त्यांना रबराच्या कडा, आणि डोक्यावरून जाणारी पोलादी पट्टी. आज मला पाहून मुलं हसतात. हसा. पण एकदा माझं ऐकून घ्या, कारण माझी तुलना झाली होती आणि ती चुकीच्या कानांनी केली होती. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझा जन्म रशियातला. कारखान्यातल्या बायांनी माझ्या पोटात केसासारखी बारीक तार गुंडाळली. मला गोड गाण्यांसाठी घडवलं नव्हतं. दूरवरून आलेला क्षीण आवाज टोकदार करून माणसाच्या कानात पोचवायचा, एवढंच माझं काम. भिलाईचा पोलाद कारखाना उभारायला रशियातून जे लोक आले, त्यांतल्या गेन्नादी साहेबांच्या पेटीतून मी आलो. लोक त्यांना गेनासाहेब म्हणत.

गेनासाहेबांच्या हाताखाली दौलतराव होते. वैनगंगेकाठची धानाची शेती भावाकडे सोपवून ते कारखान्यात लागले होते. लोखंडी टाकीवर बाहेरून लालबुंद रिवेट, म्हणजे जाड खिळा, ठोकली जाई, तेव्हा टाकीच्या आत बसून तिला टेकू धरायचं काम त्यांचं. देवळातल्या घंटेच्या पोटात बसावं आणि बाहेरून दिवसभर कोणीतरी घण घालावा, तसं ते काम. भट्टी उभी राहिली, तिची चित्रं छापून आली, फुलं वाहिली गेली. दौलतरावांचे कान मात्र टाकीतच राहिले. त्याबद्दल कोणी चौकशीही केली नाही.

एका रविवारी गेनासाहेबांनी त्यांना आपल्या घरी नेलं आणि मला त्यांच्या डोक्यावर चढवलं. रेडिओ लावला. दौलतराव उभे होते, ते भिंतीला टेकून खाली बसले. कितीतरी दिवसांनी त्यांना गाण्यातले शब्द कळले होते. मायदेशी परतायच्या आधी साहेब दौलतरावांच्या लेकीच्या, सत्यभामेच्या लग्नाला आले, ते मला रुमालात बांधून घेऊनच.

तिथे माझा पहिला अपमान झाला. बायांना वाटलं, पाहुण्यांनी आणलेली वस्तू म्हणजे नवरीचं आंदण. त्यांनी मला रुखवतात मांडलं. एका बाजूला करंज्यांची परात, दुसऱ्या बाजूला साखरेचं तुळशीवृंदावन, मध्ये मी. येणारीजाणारी माणसं मला बोटांनी टोचून पाहत होती. शेवटी दौलतरावांनी मला उचललं आणि पोटाशी धरलं.

नवरदेव देवीदास नागपूरला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होता. दिवसभर कानाला हेडफोन लावून तो गाड्यांची खबर घेई. त्याचे मित्र त्याला म्हणाले, "पाहा बाप्पा, सासऱ्यानं आंदणातलं काढून घेतलं."

देवीदास हसला, पण त्याला ते लागलं. "घेऊ द्या," तो म्हणाला. "मामाजीले याच्याहून दहापट चांगला जोड आणून देतो. हेडफोनातलं मले नका शिकवू."

पुढचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुखाचं. कामावरून आले की दौलतराव हातपाय धूत आणि मला लावून नागपूर केंद्र ऐकत. टाकीच्या बाहेरून रिवेट ठोकणारा फकिरा दारातूनच ओरडे, "कावून दौलतभाऊ, बैलाले झापडं बांधले का आज?" दौलतरावांना ते ऐकू येत नसे. पण त्याच्या तोंडाकडे पाहून ते हसत आणि सरकून त्याला जागा देत.

मग एकोणीसशे एकसष्टचा ज्येष्ठ महिना आला. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, म्हणजे धोंड्याचा महिना. लेक आणि जावई जेवायला येणार, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. त्याच दिवशी दुपारी नागपूर केंद्रावरून मथुराबाईंच्या मंडळाचं भजन लागणार होतं. मथुराबाई म्हणजे दौलतरावांची थोरली बहीण; ते तिला बाई म्हणत. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच या भावाला मांडीवर वाढवलं होतं. ती गात असे तेव्हा लहानगा दौलत तिच्या गळ्याला कान लावून झोपे. कान गेल्यापासून त्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. गावी गेले की ती समोर बसून गाई आणि हे नुसते तिचे ओठ पाहत. आता तो आवाज माझ्यातून येणार होता. महिनाभर ते ज्याला त्याला सांगत होते, "माही बाई रेडिओवर गाऊन राहिली."

देवीदास आला तो खोकं घेऊनच. आत नवा जोड. परदेशी, राखाडी, मऊ कातड्याच्या गाद्या, वजनाला पिसासारखा. मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. तो जोड उत्तम होता. तबल्याची थाप त्यात पोटापर्यंत जाई, बासरीतला श्वासही ऐकू येई. माझा आवाज त्याच्यापुढे पत्र्यावर पडलेल्या गारांसारखा. निकोप कानाचा माणूस त्यालाच निवडील आणि ते बरोबरच आहे. पण तो मंद बोलायचा. हळू आणि गोड.

देवीदासने दोघांची परीक्षा लावली. नव्या जोडाच्या वायरीची खुंटी जाड होती, रेडिओच्या मागच्या दोन बारीक भोकांत जाईना. त्याने तारा सोलल्या आणि आगपेटीच्या काड्या खोचून घट्ट बसवल्या. मग एकेकाला आधी मला, नंतर त्याला लावायला दिलं.

सत्यभामा म्हणाली, "बाबाजीचा तं कानाले चावते. हा कसा लोण्यासारखा हाय."

फकिरा म्हणाला, "जुन्यात बाई गाते तं वाटते सासू भांडून राहिली." सगळे हसले.

दौलतरावांची बायको अन्नपूर्णाबाई गाद्यांवरून हात फिरवून म्हणाल्या, "मले काय समजते? पण मऊ हाय."

निकाल लागला. सगळे कान चांगले होते आणि सगळ्या कानांनी नव्याला निवडलं. मी विचारतो, हा जोड कोणासाठी होता? ज्याच्यासाठी होता त्याला सर्वांत शेवटी विचारलं.

दौलतरावांनी नवा जोड लावला. मी समोर पाटावर पडलो होतो, मला त्यांचे डोळे दिसत होते. अंधारात काडेपेटी शोधावी तसे ते फिरत होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. पण समोर जावई बसला होता. त्याच्या हातात नुकतंच दिलेलं अनारशांचं वाण होतं. ज्याला लक्ष्मीनारायण मानून वाण द्यायचं, त्याचं मन त्याच दिवशी कसं मोडायचं?

"कसा हाय, मामाजी?" देवीदासने हाताने खूण करत विचारलं.

"लय मस्त," दौलतराव म्हणाले.

"मंग जुन्याचं काय काम?" असं म्हणून देवीदासने कातर घेतली आणि माझ्या वायरीच्या दोन्ही पिना कापून नव्या जोडाला लावल्या. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. पण दौलतराव माझ्याकडे पाहत होते आणि त्यांनी कातर अडवली नाही. मी त्यांच्यावर रागावत नाही. मी त्या मानपानावर रागावतो.

भजन सुरू झालं. रेडिओच्या कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू येत होतं. मथुराबाईंचा आवाज रानातल्या हाकेसारखा खुला होता. अन्नपूर्णाबाईंनी डोळ्याला पदर लावला. दौलतराव डोळे मिटून, नवा जोड लावून बसले होते आणि मांडीवर ताल धरत होते. देवीदास खूश होऊन सगळ्यांकडे पाहत होता.

भजन संपलं. बाजारभाव सुरू झाले. जवस, तूर, गूळ. दौलतरावांचा हात मांडीवर ताल धरतच राहिला.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग सत्यभामेचं हसू गेलं. फकिरा पुटपुटला, "भाऊ तं जवसाच्या भावावर ताल धरून राहिला." या वेळी कोणी हसलं नाही.

दौलतराव डोळे न उघडता म्हणाले, "बाईचा आवाज अजून तसाच हाय."

अन्नपूर्णाबाई उठल्या. ज्याच्याशी त्या आजवर डोक्यावरचा पदर नीट केल्याशिवाय बोलल्या नव्हत्या, त्या जावयासमोर उभ्या राहिल्या. "जावईबापू, त्याहीले काहीच ऐकू येऊन नाही राहिलं. तुमचा मान राखून राहिले ते. जुना जोडून द्या."

देवीदासचा चेहरा उतरला. त्याने पिना तशाच उपटल्या, माझ्या तारा दातांनी सोलल्या आणि काड्या खोचून मला रेडिओला लावलं. मग दौलतरावांच्या डोक्यावरून नवा जोड काढून मला चढवलं. मी जीव तोडून ओरडलो. पण माझ्याजवळ द्यायला काय होतं? गूळ, तीळ, एरंडी.

दौलतरावांनी डोळे उघडले. "सरलं का?" त्यांनी विचारलं. "बाईचं सरलं का?"

अन्नपूर्णाबाईंनी होकाराची मान हलवली.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हांला सगळेच सांगतात. मीही सांगतो. माझी तार ओढू नका, मला ओलीत ठेवू नका. पण दोन वस्तूंची तुलना करायला बसाल, तेव्हा ती ज्याच्या कामाची आहे त्याच्या हातात आधी द्या. आणि तो "मस्त" म्हणाला तरी त्याच्या डोळ्यांकडे पाहा. मान राखणारा माणूस तोंडाने खरं सांगत नाही.

देवीदासने दुसऱ्या दिवशी मला नव्या पिना लावून दिल्या. नवा जोड त्याने परत नेला. त्यानंतर तो या घरी आला की आधी माझ्या तारा तपासायचा. दौलतराव दिवाळीला गावी जाऊन आले. मथुराबाई त्यांच्यासमोर बसून गायल्या आणि त्यांनी तिचे ओठ पाहिले. केंद्राने मंडळाला पुन्हा बोलावणार असं कळवलं होतं. दौलतराव रोज मला लावून वाट पाहत होते.

बोलावणं येण्याआधीच मथुराबाई त्याच वर्षी, एकोणीसशे एकसष्टच्या मार्गशीर्षात वारल्या.