खालच्या ओळीतलं कॉलेज

माशाची शेपटी केव्हाच तुटली होती, तरी चुंबक अजून घट्ट होतं. फ्रिजच्या दारावर, अगदी खाली, त्या माशाने एक पिवळी चिठ्ठी धरून ठेवली होती आणि तिच्यावर लेकीच्या, सिग्रिडच्या, तिरक्या अक्षरात हार्लनच्याच कॉलेजचं नाव... कपात कॉफी ओतता ओतता त्याने ते पुन्हा वाचलं, जणू रोज सकाळी तिथे जाऊन गणित शिकवणारा माणूस दुसराच कुणी होता.

बारावीनंतर सिग्रिड जिथे अर्ज करणार त्या कॉलेजांच्या चिठ्ठ्यांच्या तीन ओळी होत्या. वरच्या ओळीत गणित ऑलिंपियाडची पोरंही जिथून नकार घेऊन परत येतात अशी कॉलेजं, लागली तर लॉटरी. मधल्या ओळीत तिच्या मार्कांना शोभणारी. आणि खाली हातचं – कुणीच घेतलं नाही तरी हे घेणारच, असं. तिन्ही ओळी भरल्या पाहिजेत हा शाळेतल्या सल्लागार टॉलेफसनबाईंचा नियम होता, आणि उद्या सकाळी यादी त्यांच्याकडे जायची होती. खालच्या ओळीत ही एकच चिठ्ठी. माझा सगळा जन्म म्हणजे माझ्या मुलीचं हातचं – हे महिनाभर त्याला कुसळासारखं टोचत होतं, आणि टोचतं याचीच लाज वाटत होती. पण मिनेसोटातला माणूस असलं काही बोलून दाखवत नाही. तो अंगणातला बर्फ उपसायला जातो.

कॉलेजात गाडी लावल्यावर त्याने फोन पाहिला. डीनचा मेल दोन ओळींचा होता: पुरेसे विद्यार्थी नसल्याने अमूर्त बीजगणिताचा दुसरा कोर्स पुढच्या वर्षापासून बंद. वीस वर्षं तो कोर्स त्याने शिकवला होता, पण इंजिन बंद करून बसल्यावर त्याला आधी आठवली ती चिठ्ठी. सिग्रिड अकरावीपासूनच, शाळा सांभाळून, इथे वर्गाला येत होती – हुशार पोरांची फी सरकार भरतं – आणि शेंगा फोडाव्यात तसे तिने विभागातले कोर्स संपवत आणले होते. त्याच्या वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची, त्याला ‘प्रोफेसर’ म्हणायची, आणि त्याचं काही चुकलं तर हात वर न करता नुसतं पेन खाली ठेवायची. पेन खाली गेलं की तो मुकाट फळ्याकडे वळून चूक शोधायचा... उरला होता तो हाच एक कोर्स. आता तोही नाही. मग गणिताच्या पोरीसाठी जिथे गणितच उरलं नाही, ते हातचं कसलं?

आणि मी हे बोललोच नाही तर? वरच्या दोन्ही ओळींनी नकार दिला, तर ती घरीच राहील, बर्फात माझ्याच गाडीतून कॉलेजला येईल, वाटेत एखादी सिद्धता खोडून काढेल... दोन्ही ओळी रिकाम्या जाण्याची शक्यता तो मनातल्या मनात काढू लागला – सवयच ती – आणि उत्तर जरा मोठं यावं असं आपल्याला वाटतंय, हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची किळस आली. बॅग उचलून तो पहिल्या वर्षाच्या कच्च्या पोरांना अपूर्णांक शिकवायला गेला. दिवसभर शिकवत राहिला.

संध्याकाळी त्याच्या बायकोने, मार्गिटने, ओव्हनमधून काढलेलं बटाट्यांचं हॉटडिश टेबलावर ठेवलं आणि फ्रिजकडे पाहिलं.

“खालची ओळ ओकीबोकी दिसतेय गं. आणखी एखादं टाक की. तुझ्या बाबाच्या कँटीनमध्ये चार वर्षं जेवलीस तर सुकून काडी होशील.”

“आई, हातचं म्हणजे जिथे रडत नाही, हसत जाशील ते, असं टॉलेफसनबाई म्हणतात. हसत जावं असं मला तेवढंच आहे.” सिग्रिडने ताट पुढे ओढलं. “आणि बाबाचा दुसरा कोर्स मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. सगळं गोड आधीच खायचं नसतं.”

महिनाभराचं कुसळ गळून पडलं, आणि त्या जागी काहीतरी फार दुखलं. आत्ता गप्प बसणं किती सोपं होतं!

“तो कोर्स बंद झाला,” हार्लन म्हणाला. “सकाळीच कळलं. चिठ्ठी काढ ती, सिग्रिड. दुसरं चांगलं हातचं शोधू आपण. तिथे तुझ्यासाठी काही उरलेलं नाही.”

मार्गिटचा डाव भांड्यातच थांबला. सिग्रिडने हातातला काटा आवाज न करता खाली ठेवला. आणि तो सवयीने, आपण आत्ताच काय बोललो त्याच्या मागे मागे जाऊन चूक शोधू लागला...

“आणि तुझ्यासाठी, बाबा?”

दिवसभराच्या हिशेबात ही संख्या त्याने धरलीच नव्हती. “बघू,” तो म्हणाला. “हॉटडिश छान झालंय.”

मग तोच उठून फ्रिजपाशी गेला. शेपटी तुटलेल्या माशावर त्याने बोट ठेवलं. तिने जायलाच हवं, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. आणि तिने जाऊ नये, हेही तितक्याच मनापासून. वर्गात कुणी अशी दोन विधानं शेजारी शेजारी लिहिली असती, तर त्यातलं एक त्याने हमखास खोडलं असतं.