उसवणीस

पूर्वी चिटणीस होते, फडणीस होते. मी उसवणीस आहे. ही पदवी मला आत्याने दिली. पगार नगरपालिका देते, पण तोही आत्याच्या सहीने.

आत्या एका जुन्या घराची व्यवस्थापक आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे रस्त्यावरच्या दिव्यांचे निरीक्षक राहायचे. त्यांनी जन्मभर गावातले दिवे लागलेत की नाहीत ते पाहिलं आणि मग स्वतः विझले. आता तिथे शाळेची मुलं येऊन त्यांचा संसार चालवतात. दिव्यांच्या काचा पुसतात, पितळ घासतात, निरीक्षकांच्या कोटाला बटणं लावतात. खरा कोट काचेच्या कपाटात असतो. मुलांच्या हाती त्याचा जुळा भाऊ देतात, गेल्या वर्षी शिवलेला.

हा कार्यक्रम इतका यशस्वी झाला की पहिल्याच आठवड्यात बंद पडायची वेळ आली. सोमवारच्या मुलांनी सगळं लख्ख केलं. मंगळवारची मुलं आली तर इतिहास आधीच स्वच्छ! त्यांच्या बाईंनी विचारलं, "मग आता आम्ही काय करायचं?" आत्याने तिथूनच मला फोन लावला.

"तुला घर घाण करता येतं ना?"

मी उत्तर द्यायच्या आत आईने फोन ओढून घेतला आणि माझी शिफारस केली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी मेणबत्तीच्या धुरावर काचा काळ्या करतो, पितळेला मिठाचं पाणी पाजून त्याचं तोंड उतरवतो आणि कोटाची पाचही बटणं उसवून डबीत टाकतो. आई नातेवाइकांना सांगते, "तो इतिहासात आहे." बाबा म्हणतात, "तिथेच राहू दे."

लोकांसमोर आत्याला मॅडम म्हणायचं, भांडताना आत्या. एरवी सगळं सुरळीत होतं, पण एका शुक्रवारी तिसरीचा वर्ग आला. त्यात एक मुलगी होती, जिला तिच्या बाईसुद्धा प्रश्नचिन्ह म्हणायच्या.

"निरीक्षकांना स्वतःची बटणं लावता येत नव्हती?"

"ते दिव्यांत गुंतलेले असायचे," मी म्हणालो.

"मग शंभर वर्षं झाली तरी बटणं तुटतातच कशी?"

मी तिला सुई दिली. तिसरं बटण तिच्या वाट्याला आलं. तिने जीभ बाहेर काढून, श्वास रोखून ते लावलं आणि उठली, तर कोटही तिच्याबरोबर उठला. टाका फ्रॉकमधूनही गेला होता. बाईंनी तिला सोडवलं. तिने पुन्हा बसून लावलं. ह्या वेळी इतका दोरा घातला की बटण कांद्यासारखं फुगलं आणि जरा वाकडंच बसलं. पण बसलं म्हणजे बसलंच.

"ताई म्हणते, माझ्या हातून वस्तू फक्त पडतात," ती म्हणाली. "रविवारी तिला आणून दाखवते. बोलतीच बंद होईल तिची. बटण राहील ना, दादा?"

"बटण कुठे जाणार?" मी म्हणालो. तसं पाहिलं तर हे खोटं नव्हतं. बटण डबीतच जाणार होतं.

शनिवारी दुसरी शाळा यायची होती, म्हणून त्या संध्याकाळी मी कोट घेऊन बसलो. मी मुलांना चेहऱ्याने ओळखत नाही, टाक्यांनी ओळखतो. चार बटणं लगेच शरण आली. तिसऱ्याने माझी कात्री वाकवली. शेवटी दातांची मदत घ्यावी लागली. काम उरकलं तेव्हा मला काही केल्या बरं वाटेना.

रविवारी सकाळी मी आत्याला गाठून सगळं सांगितलं.

"सरळ सांग तिला, उसवलं म्हणून."

"तिच्या ताईसमोर?"

"मग लाव परत."

"मला लावता येत नाही."

"अरे, वर्षभर बटणांत आहेस तू!"

"उसवायच्या बाजूने, आत्या."

आत्याने कपाळावर हात मारला आणि तिकीटखिडकीकडे निघून गेली. मी विचार केला, लावणं म्हणजे उलटं उसवणंच की. दालनातल्या बाकावर बसलो, कोट मांडीवर घेतला आणि आठवेल तितका कांदा उभा केला. सुरेख वाकडं जमलं. तेवढ्यात दार वाजलं, मी लगबगीने उठलो, आणि कोटही माझ्याबरोबर उठला.

टाका पँटमधून गेला होता.

"ए, हा पुतळा आहे का?" दारातली मोठी मुलगी म्हणाली. नववीतली असावी. क्षणभर मला पुतळा होणंच सोयीचं वाटलं. मी श्वास रोखला.

"पुतळा कसला गं, हे बटणवाले दादा!" प्रश्नचिन्ह धावत आली, माझ्या मांडीशी वाकली आणि तिचा चेहरा पडला. "हे माझं नाही. माझं कुठेय?"

"रोज संध्याकाळी उसवावी लागतात," मी म्हणालो. "दुसऱ्या मुलांना लावता यावीत म्हणून. तुझंही उसवलं. तुला शुक्रवारीच सांगायला हवं होतं."

"म्हणजे नव्हतंच," ताई म्हणाली. "नेहमीसारखी थाप! आणि मी सकाळी लवकर उठून आले."

प्रश्नचिन्हाचा खालचा ओठ हलायला लागला. मी खिशात हात घातला आणि वाकडी कात्री ताईच्या हातावर ठेवली.

"हे तिच्या बटणाने केलंय."

ताईने कात्री उलटसुलट पाहिली, उघडझाप केली. "एका बटणाने?"

"दातसुद्धा दुखतोय. दाखवू?"

"नको."

ताईने त्याच कात्रीने मला सोडवायचा प्रयत्न केला. पँट गुदगुल्या झाल्यासारखी नुसती हलली.

"सरक," प्रश्नचिन्ह म्हणाली. "मला सवय आहे." तिने नखाने गाठ शोधली, सुईच्या टोकाने सैल केली आणि मला इतिहासापासून वेगळं केलं. मग बटण हातात घेऊन थांबली.

"पुढे लावलं तर परत उसवणार?"

"उसवावंच लागेल."

तिने कोट पालथा केला. "आणि पाठीवर?"

पाठीवर कुठल्याच शाळेचा हक्क नव्हता. मी डबीतून नवा दोरा दिला. जीभ बाहेर आली, श्वास थांबला, कांदा फुगला. उठण्याआधी तिने फ्रॉक तपासला.

ताईने बटण चिमटीत धरून खेचलं. मग पाय रोवून खेचलं. कोट ताणला, प्रश्नचिन्ह ताणली, बटण जागचं हललं नाही.

"वाकडं आहे," ताई म्हणाली.

"निघालं का पण?"

ताईने बटण सोडलं आणि बोटं चोळली. "आईला सांगू नकोस," ती म्हणाली, "नाहीतर घरातली सगळी बटणं तुझ्याच गळ्यात पडतील. आधी माझ्या गणवेशाचं लाव."

प्रश्नचिन्ह जाताना उड्या मारत गेली.

दुपारी एका पाहुण्यांनी बोट दाखवलं. "मॅडम, कोटाला पाठीमागे बटण कशासाठी?"

मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पँटकडे. "निरीक्षक सारखे मागे वळून बघायचे," त्या म्हणाल्या, "आपण गेल्यावर दिवा विझला तर नाही ना म्हणून. कधीकधी ते वळायचे आणि कोट पुढेच राहायचा."

पाहुण्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

सोमवारी संध्याकाळी मी समोरची पाच बटणं उसवली, त्यातलं तिसरं नवं आणलेलं. सवयीने कोट पालथा केला, कात्री सहाव्यापाशी गेली आणि आपणहून मागे आली. तिला आठवत असावं.