माझ्या नावाची तूर

माघातलं ऊन ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर येऊन बसलं की प्रयागबाईच्या सुपाचा आवाज सुरू व्हायचा. डाळ तिनं घरून पाखडूनच आणलेली असे. तरीही माझ्या दारात ती पुन्हा एकदा पाखडल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नसे. सूप हलकेच वर जाई, पिवळी डाळ क्षणभर प्रकाशात थबके, खाली येताना दाणे आपापली जागा धरत आणि टरफलं वाऱ्याच्या आधारानं अलगद बाजूला होत. उन्हात तापलेल्या तुरीचा, तिला लावलेल्या तेलाच्या हाताचा आणि काळ्या मातीचा एक संमिश्र गंध त्या वेळी साऱ्या गल्लीत दरवळे. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. आयुष्यभर खडूची धूळ खाल्लेल्या बाईला कोंड्याचं काय भय, असं मनाशी म्हणायची आणि लगेच शिंकायची.

आमच्या उदगीरहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यापासून थोडं आत तिचं गाव. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, दीड एकर जमीन तिच्या वाटणीची आणि ती कसायला मदतीला एक पुतण्या. अंगकाठी सडसडीत, कपाळावरचं गोंदण वयाबरोबर विरत चाललेलं, आणि डोक्यावर कितीही जड गाठोडं असलं तरी मान कशी ताठ. बोलणं मात्र मोजकं. आम्ही दोघी साधारण एकाच वयाच्या, म्हणून सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करीत असे. ते तिनंच मोडून काढलं. अहो म्हटलं की दारात तलाठी आल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. ती मला बाई म्हणायची, कारण माझ्या शाळेमुळे अख्खी गल्लीच मला बाई म्हणत होती.

तिच्या मापाची एक रीत होती. पितळी शेर डाळीत बुडवून ती वर काढी, तेव्हा त्यावर इतकी उंच शीग असे की एक दाणा जास्त झाला तर सगळी ढासळावी. पहिलं माप ओतताना ती कधी 'एक' म्हणाली नाही. 'लाभ' म्हणायची, मग दोन, मग तीन. शीग हातानं सपाट करणारा दुकानदार तिला मनापासून आवडत नसे. हात फिरवला की माप पुरतं भरतं, पण देणाऱ्याचं मन अर्धंच राहतं, असं तिचं सरळ गणित होतं, आणि गणित शिकवण्यात हयात घालवलेल्या मला ते कधी खोडून काढता आलं नाही.

पण तिची खरी ओळख तिच्या शेतात होती, आणि ते शेत मी कितीतरी वर्षं नुसतं ऐकत आले होते. सोयाबीनच्या मधून मधून ती तुरीच्या ओळी पेरायची आणि प्रत्येक ओळ एका घराच्या नावाची असायची. ही डॉक्टरांची, ही वकिलांची, ही स्टेशनजवळच्या मास्तरांची, ही बाईंची. वैशाखात ती प्रत्येक घरी जाऊन विचारायची, यंदा तुमचं किती धरू? घरात सून आली असेल, लेक बाळंतपणाला येणार असेल, तर त्या हिशेबानं ओळ लांबायची. पेरताना नाव, निंदताना नाव, शेंगा तोडतानाही नाव. भाद्रपदात अंबाडीची भाजी द्यायला आली की मला सांगायची, तुमची तूर गुडघ्याला लागली. जणू माझीच कुणी नात तिच्याकडे शिकायला ठेवली होती. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या रानातल्या जेवणाला या, आंबील प्यायला या, म्हणून दरवर्षी न चुकता आवतण असे. आणि दरवर्षी माझं काहीतरी निघे. परीक्षेचे पेपर, गुडघेदुखी, ह्यांचं पथ्य. खरं सांगायचं तर निव्वळ आळस.

मग एकेक घर गळू लागलं. गावात काचेच्या दारांचं मोठं दुकान आलं, तिथली डाळ पिवळीधमक आणि गुळगुळीत, तिला ना साल ना खडा. कुणाच्या मुलांनी फोनवरून सामान मागवायला शिकवलं, कुणी लातूरला राहायला गेलं. यात रागवण्यासारखं काही नाही. ज्याला जे सोयीचं ते तो घेतो. पण आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. प्रयागबाई वैशाखात विचारायला गेली की माणसं म्हणत, बघू. या, बसा, पाणी घ्या, बघू. शहरगावच्या माणसाला त्या 'बघू'चा अर्थ दारातच कळतो. प्रयागबाई मात्र शब्दाला शब्द मानणारी. मी धरून चालले की जितकी घरं कमी, तितक्या ओळीही कमी झाल्या असतील. विचारलं कधीच नाही.

हे गेले, मुलगा पुण्यात स्थिरावला आणि माझ्या घरात एकच ताट मांडलं जाऊ लागलं, तेव्हा प्रयागबाईच्या येण्याचं मोल मला कळलं. पंधरा दिवसांतून एकदा ती यायची. कधी जोंधळा, कधी कारळं, कधी नुसती चुक्याची जुडी. सौदा दोन मिनिटांत उरके आणि मग आम्ही दोघी ओसरीवर बसून राहायचो, फारसं न बोलता. उन्हाची तिरीप पायरीवरून भिंतीवर चढेपर्यंत ती बसे. तिच्या घरी तरी बोलायला कोण होतं? दोन एकट्या बायकांनी एकमेकींना आपलं एकटेपण सांगायचं नसतं, ते शेजारी शेजारी ठेवून बसायचं असतं, हे मला तिच्याकडून उमगलं. ती उठून गेली की घर आणखीच रितं वाटे. मग मी उगाचच डब्यातली डाळ हातानं वरखाली करीत बसे.

मुलगा रोज फोनवर म्हणायचा, आई, आता इकडेच ये. तिकडे उन्हातान्हात कशाला हिंडतेस, म्हणून त्यानं पुण्यात बसून माझ्या दारात किराणा पाठवायला सुरुवात केली. चकचकीत पुडे येत. प्रयागबाईची चाहूल लागली की मी ते पुडे घाईघाईनं कोठीत ढकलायची आणि कडी लावायची. सत्तरीला टेकलेली मुख्याध्यापिका डाळीचा पुडा लपवते आहे, हे दृश्य माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं असतं तर माझी काय शोभा झाली असती!

शेवटी मी जायचं ठरवलं. मुलाला होकार कळवला त्याच आठवड्यात प्रयागबाई आली. वैशाख होता. पदरानं मान पुसत ती ओसरीवर टेकली आणि नेहमीचा प्रश्न तिनं विचारला. सांगून टाकायचं, असं मी रात्रभर घोकलं होतं. शब्द जिभेपर्यंत आले. पण तिच्या चेहऱ्यावर इतका निर्धास्त भाव होता की माझा धीरच झाला नाही, आणि मी म्हणाले, नेहमीएवढीच धर. मान डोलावून ती निघून गेली. पेरणी आटोपली आणि आषाढाच्या पहिल्या आठवड्यात मी घराला कुलूप लावून पुण्याची गाडी धरली. निरोपही ठेवला नाही. तिच्याकडे फोन होता, पण तो पुतण्याच्या खिशात. ही सबब मी स्वतःला किती वेळा सांगितली असेल, याला गणती नाही.

पुण्यात सगळं सुखाचं होतं. सून मायाळू, मुलगा काळजी घेणारा. बेल वाजायची, दार उघडलं की पिशवी असायची, माणूस गेलेला असायचा. कुठल्या शेतातून काय आलं, ते कुणी पेरलं, कुणी पाखडलं, काही कळायला मार्ग नाही. वरण चांगलं व्हायचं. तरी जेवताना माझा घास मधेच थांबे. भाद्रपद लागला तेव्हा वाटलं, तूर आता गुडघ्याला आली असेल. मार्गशीर्षात येळवस आली आणि गेली, तेव्हा वाटलं, पिवळा फुलोरा झडून शेंगा भरत असतील. जी ओळ मी एकदाही पाहिली नव्हती, ती इथं सातव्या मजल्यावर माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. फाल्गुनात उदगीरच्या शेजारणीचा फोन आला. डाळवाली तीन खेपा येऊन गेली म्हणे. मी पुण्याला मुलाकडे गेल्याचं शेजारणीनं सांगितलं, तरी ती दाराला कुलूप पाहून पायरीवर बसते आणि ऊन चढलं की उठून जाते.

चैत्रात घराचा व्यवहार पुरा करायला मी परत आले. चार खोल्यांतलं सामान कुणाकुणाला देऊन झालं, गाडीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. हातात एक दुपार उरली. मी देगलूरच्या बसमध्ये बसले, फाट्यावर उतरले आणि विचारत विचारत तिच्या शेतावर पोचले. आयुष्यात पहिल्यांदा.

रानात काही नव्हतं. काळी भुई उन्हानं भेगाळलेली. सोयाबीनचं नाव नाही, फक्त तुरीची कापलेली खोडं तेवढी रांगेनं उभी. मी शिक्षिका, सवयीनं मोजली. अकरा रांगा होत्या. बांधावरच्या लिंबाखाली प्रयागबाई बसली होती. माझ्याकडे पाहून ती चटकन उठली, पण रुसवा नाही, तक्रार नाही. तांब्या पुढे केला. वर्षभरात ती फार वाकली होती.

एवढ्या ओळी कुणाच्या, असं मी विचारलं. ती सहजपणे बोटानं दाखवू लागली. ही डॉक्टरांची, ही वकिलांची, ही मास्तरांची. तोच क्रम, तीच नावं. वर्षानुवर्षं जी घरं तिच्याकडून काही घेत नव्हती, त्या सगळ्यांची. पुतण्या हसतो, ती म्हणाली. चैत्रापर्यंत ती वाट बघते आणि मग ज्यांची त्यांची तूर आडतीला घालते.

"तुमची तेवढी ठिवली हाय," ती म्हणाली. "भरडली न्हाई. अख्खी तूर टिकती, डाळीला कीड धरती. भिजवून, वाळवून चार दिस लागत्याल बघा. थांबता का?"

मला थांबता येणार नव्हतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटला. ती घरी गेली आणि न भरडलेली तूर एका पिशवीत बांधून घेऊन आली. पुण्यात जातं नाही, अंगण नाही, हे दोघींनाही माहीत होतं. तरी तिनं दिली आणि मी घेतली.

पिशवी पुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन ती फाट्यापर्यंत सोबत आली. बस लांबून दिसायला लागली आणि तिनं पदर सावरत तोच प्रश्न विचारला, इतक्या वर्षांच्या वैशाखांत विचारलेला, फक्त या वेळी एक महिना आधी.

"बाई, औंदा धरू का तुमची ओळ?"

'बघू' हा शब्द ओठांवर तयार होता. तो किती सोपा होता! तो उच्चारला असता तर तिचा चेहरा तसाच निर्धास्त राहिला असता आणि मीही हलक्या मनानं बसमध्ये चढले असते. पण ती अकरा रांगांची खोडं माझ्या डोळ्यांसमोर होती. "नको, प्रयागबाई," मी म्हणाले. "घर विकलं मी. आता माझं येणं व्हायचं नाही."

बस येऊन थांबली. तिनं पिशवी माझ्या हातात दिली, माझा हात क्षणभर आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि तिच्या खरखरीत तळव्यांची ऊब मला जाणवली.

"नको म्हननारं तुमचंच एक घर निघालं, बाई," ती म्हणाली. "बाकी समदे अजून बघूनच राहिलेत."

खिडकीतून मी मागे पाहिलं तेव्हा ती शेताकडे वळली होती. मला रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही. निरोप घेऊन गेलेल्या माणसाची जागा काळ कधीतरी नांगरून सपाट करतो. पण जो न सांगता गेला, त्याच्या नावानं कुणीतरी एकटं माणूस दरसाल पेरत राहतं, आणि त्याच्या नसण्यालाही पीक येत राहतं.