मेहमूदभाईंचा डबा, मुक्काम कांद्याची चाळ

बोलायला मला तोंड नाही आणि काचेत आता चित्रही उरलेलं नाही; तरी आज मी बोलणार आहे, कारण माझ्याबद्दल बाकी सगळ्यांचं बोलून झालंय. मी व्हिडिओ गेमचा डबा. तुमच्यातले जे चाळिशी ओलांडून बसलेत, त्यांनी मला कुठल्या ना कुठल्या स्टँडजवळ पाहिलेलं असणार. पुरुषभर उंचीचा लाकडी खोका, वर तिरपी काच, खाली एक दांडी आणि शेजारी बटणं. नाणं टाकलं की खेळ सुरू. मशीन म्हणा, यंत्र म्हणा, जरा शोभेल असं काही म्हणा. पण जन्मभर सगळ्यांनी मला डबाच म्हटलं. त्याचंही आता काही वाटत नाही. वाटतं ते माणसांच्या मायेचं. माणसं रागावली की माझं काही बिघडत नाही. माया करायला लागली की मात्र माझी खैर नसते.

जन्म माझा पुण्यातल्या एका सुताराच्या दुकानातला. त्या माणसानं आयुष्यभर कपाटं केली होती, म्हणून त्यानं मलाही कपाटच केलं. पाठीमागं दार, दाराला कडी आणि आत एक फळी. गेमच्या मशीनला फळी कशाला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पोटात जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब बसवली, कुठून तरी परदेशातून आलेलं गेमचं सर्किट बसवलं, आणि कुशीवर चित्र काढायला गाड्यांच्या पाट्या रंगवणारा पेंटर आणला. त्याला एवढंच सांगितलं होतं की विमानाचा गेम आहे. त्यानं विमान काढलं झकास, फक्त त्याच्या नाकाखाली लिंबू-मिरची टांगली. आता आभाळात त्याला दृष्ट कोणाची लागणार होती?

मला विकत घेतलं दौंडच्या मेहमूदभाईंनी. स्टेशनाबाहेर त्यांचं बारकंसं दुकान होतं. त्यांनी माझ्या दुसऱ्या कुशीवर ‘मेहमूद व्हिडिओ गेम, दौंड’ असं लिहून घेतलं आणि मला अगदी दारातच उभं केलं. दौंड म्हणजे जंक्शन. गाडीची वाट बघून बघून कंटाळलेला माणूस आपोआप माझ्यापुढं येऊन उभा राहायचा. तिथं मला माणूस नावाचा प्राणी कळला. हरला की तो स्वतःला कधीही दोष देत नाही. दांडी सैल आहे म्हणतो, बटण अडकतंय म्हणतो, आणि जाता जाता माझ्या पाठीत एक धपाटा घालतो. जिंकला तर मात्र सगळी करामत त्याचीच. आणि गाडीची घोषणा झाली रे झाली की विमान हवेत तसंच सोडून पळतो. असली किती तरी विमानं मी एकट्यानं पाडली आहेत.

सगळ्यात वाईट गिऱ्हाईक म्हणजे खुद्द मेहमूदभाई. घरून खुर्शिदभाभी जेवायला बोलवायला यायच्या आणि हे दांडी सोडायचे नाहीत.

“आलो, आलो. एवढं विमान पडू दे.”

“तुमचं विमान पडेपर्यंत मी तुमचं ताट मांजरीला वाढते,” असं म्हणून भाभी निघून जायच्या, आणि मेहमूदभाई माझ्याकडे बघून हसायचे. तो काळ माझा सुखाचा होता.

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि मोबाइलात खेळ आला. दारातून मला मागं ढकललं, मागून कोपऱ्यात. दुकानात रिचार्ज सुरू झालं. एक दिवस माझी काच उजळलीच नाही. मेहमूदभाईंनी खटका पुन्हा पुन्हा दाबून पाहिला, मग घरातून एक चादर आणली आणि माझ्यावर टाकली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, माणूस किती लवकर विसरतो. तो माझा गैरसमज होता, पण ते मला फार उशिरा कळलं.

तिथून मला नेलं राहू गावच्या म्हाळूनं. त्याचं गुऱ्हाळ होतं. जत्रांमधून मला फिरवायचं असा त्याचा बेत होता, आणि बेत करण्यात तो पटाईत होता. मी त्याच्या गुऱ्हाळात भिंतीला टेकून उभा राहिलो तो राहिलोच. सुताराच्या त्या फळीचा उपयोग मला तिथं कळला. तिच्यावर म्हाळूची तंबाखू, चुना आणि काड्यापेटी राहायची. बाकीच्या पोटात मुंग्या. गुळाच्या वासानं आल्या आणि माझ्या सर्किटावर त्यांनी संसार थाटले. अंडी काय, पिल्लं काय, काही विचारू नका. मी विमानांसाठी जन्मलो होतो हो!

अशा अवस्थेत मला सत्यजीतनं पाहिलं. हा केंदूरचा, रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. त्याला छंद जुन्या गेमचा. टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम, हातात धरायचे पिवळे पडलेले गेम, जे कोणी फेकून देईल ते हा उचलून आणणार, खोलून, पुसून चालू करणार. राहूला तो गूळ घ्यायला आला होता. मला बघितलं आणि गूळ विसरला. पिकअपमध्ये आडवा टाकून मला केंदूरला नेलं. दारात त्याची आई, विठाबाई, उभी होती.

“गूळ आनाया गेलतास न्हवं? मग ह्ये काय आनलंस?”

मागून त्याचे वडील आले. पोपटराव, घरात त्यांना आबा म्हणतात. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. “फ्रीज हाय का?”

“न्हाई आबा, गेम हाय. जुना.”

“चालतोय?”

“न्हाई.”

“मग आनला कशाला?”

सत्यजीतनं तोवर माझी दोरी सोडायला घेतली होती.

सत्यजीतनं मला ठेवलं कांद्याच्या चाळीत. त्याचं म्हणणं, जिथं कांदा कोरडा राहतो तिथं सर्किटही कोरडं राहील. बोलणं बरोबर होतं, पण त्यापायी चाळीचा एक खण अडला आणि तिथले कांदे बाहेर ताडपत्रीखाली गेले. आबा रोज सकाळी यायचे, ताडपत्री उचलून कांदे बघायचे, मग मला बघायचे. त्या नजरेत काय होतं ते सांगायला नको.

इकडे सत्यजीतनं माझे मुंग्यांचे संसार ब्रशनं झाडून काढले. इथपर्यंत मी त्याचा ऋणी आहे. पण त्याचा मोबाइलवर एक ग्रुप होता, जुन्या गेमवाल्या शौकिनांचा. त्यात त्यानं माझे फोटो टाकले आणि माझ्या नाकी नऊ आले. एक म्हणाला, लिंबू-मिरची घासून काढ, ती ओरिजिनल नाही. दुसरा म्हणाला, तीच तर ओरिजिनल आहे. तिसरा शहाणा म्हणाला, पिक्चर ट्यूब फेकून दे, चपटा स्क्रीन लाव आणि आत छोटा कॉम्प्युटर ठेव, हजार गेम चालतील. म्हणजे माझं पोट रिकामं करायचं, त्यात दुसऱ्याचा जीव कोंबायचा आणि वर मलाच वाचवलं म्हणून फोटो टाकायचे! सत्यजीत कधी याचं ऐकायचा, कधी त्याचं. सुट्टी आली की मला खोलायचा, कारखान्यातून फोन आला की तसाच उघडा टाकून पळायचा. मात्र एका गोष्टीवर तो अडून राहिला. ट्यूब जुनीच ठेवायची आणि ती पेटवायची.

त्या ट्यूबला ताकद देणारा ट्रान्सफॉर्मर जळला होता. तसला शोधायला तो दौंडला गेला. एका मोडक्या टीव्हीत तो सापडला, आणि माझ्या कुशीवरचं नाव विचारता विचारता मेहमूदभाईही सापडले. आता म्हातारे झालेत. मी अजून आहे हे ऐकून ते म्हणाले, “चालू झाला तर बोलव बेटा. बंद असला तर नको. बंद पडलेला मी बघितलाय.” हे सत्यजीतनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी चाळीत उघडा पडलो होतो. त्या दिवसापासून मला चालू व्हायची घाई झाली.

घाई आबांनाही होती, पण वेगळी. ताडपत्रीखालचे कांदे नासायला लागले होते. एक दिवस ते सत्यजीतला म्हणाले, “दसऱ्यापतूर बघतो. चालू झाला तर झाला, न्हाईतर भंगारवाल्याला सांगून ठिवलंय. जुनी मोटर, गंजल्याले पाइप आन् ह्यो डबा.” सत्यजीतनं खाली मान घालून तारांना डाग लावायची गरम कांडी उचलली.

अष्टमीच्या दुपारी माझी काच उजळली. आधी पांढरी रेघ, मग निळं आभाळ, मग माझी विमानं, एकामागोमाग एक, ओळीनं. इतक्या वर्षांनी! मी रडलो असतो, पण माझ्यात पाणी असून चालत नाही. सत्यजीतनं एकच आरोळी ठोकली. विठाबाई कणकेच्या हातानं आली. आबा आले, हात पाठीमागं बांधून उभे राहिले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. “म्हंजी चालू झालं,” एवढंच बोलले आणि गेले. सत्यजीतनं लगेच मेहमूदभाईंना फोन लावला. उद्या खंडेनवमी, कारखान्याला सुट्टी, उद्याच घ्यायला येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन दौंडला गेला, आणि मी इकडे आबांच्या मायेच्या तावडीत सापडलो.

खंडेनवमीला अवजारं पुजतात हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. पण पुजण्याआधी ती धुतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अंगणात ट्रॅक्टर धुतला, मोटरसायकल धुतली, विळे-कोयते धुतले. मग आबा फवारणीच्या पंपाची नळी ओढत चाळीकडे आले.

“आवं, त्याला पानी चालतंय का?” विठाबाईनं विचारलं. घरात तेवढंच एक शहाणं वाक्य बोललं गेलं.

“ट्रॅक्टरला चालतंय, मग ह्याला का न्हाई? कालपतूर डबा हुता. आता चालतंय म्हंजी अवजारच झालं की घरचं.”

आणि त्यांनी मला धुतलं. वरून, खालून, पाठीमागचं दार उघडून आतून. इतक्या मनापासून धुतलं की तसं मला उभ्या आयुष्यात कोणी पुसलंही नव्हतं. विठाबाईनं काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, दांडीला हळद लावली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि त्याचंही पाणी माझ्यावर शिंपडलं. अहो, इथवरसुद्धा मी वाचलो असतो. चार उन्हं खाऊन वाळलो असतो. पण पूजलेलं अवजार एकदा चालवून बघायचं, अशी त्या घराची रीत. आबांनी ट्रॅक्टर सुरू केला, पंप सुरू केला आणि हात जोडून माझा खटका दाबला.

आत चट्ट झालं. ट्यूबच्या मानेशी ठिणगी उडाली, मग धूर निघाला. विठाबाईला तो उदबत्तीचा वाटला. तिनं डोळे मिटून नमस्कार केला.

सत्यजीत मेहमूदभाईंना घेऊन आला तेव्हा मी हार घालून, निथळत, मेलेला उभा होतो. त्यानं पाठीमागचं दार उघडलं, आत पाहिलं आणि तिथंच मातीत बसला.

“आबा, काय केलंत ह्ये?”

“पूजा केली,” आबा म्हणाले. आवाज इतका बारीक की मला त्यांचा राग आला आणि त्या रागातच त्यांची दयाही आली.

नेमका तेव्हाच भंगारवाल्याचा टेंपो दारात आला. मी चालू झालो हे त्याला सांगायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यानं मोटर घेतली, पाइप घेतले आणि माझ्याकडे आला. सत्यजीत बसल्या जागेवरून ओरडला, “घिऊन जा त्यो बी! मला पुन्हा दिसला न्हाई पायजे!” ज्यानं मला मुंग्यांच्या तोंडातून काढलं, त्याचे हे शब्द. भंगारवाल्यानं माझा हार काढायला हात घातला.

“हात काढ,” आबा म्हणाले.

“पोपटराव, तुमीच तर सांगितलं हुतं...”

“तवा पूजल्यालं नव्हतं.”

“आबा, जळलंय त्ये. काय उपेग हाय त्याचा आता?”

“उपेगाचं मला नको सांगू. तुझ्या आजाची पाभर कवा पेराया नेतो का आपन? तरी हाय न्हवं माळ्यावर? एकदा कुकू लावलं म्हंजी घरचं झालं. घरचं कुनी भंगारात देतं व्हय?”

टेंपो गेला. हसावं की रडावं ते मला कळेना. ज्या पूजेनं माझा जीव घेतला, तिनंच मला वाचवलं होतं.

मेहमूदभाई इतका वेळ लांबच उभे होते. आता पुढं आले. त्यांनी ओल्या दांडीवर हात ठेवला, बोटांना हळद लागली तरी काढला नाही. सत्यजीत म्हणाला, “चाचा, माफ करा. तुम्हाला बंद दाखवायचा नव्हता.”

“नको होता बघायला,” ते म्हणाले. “पण माझ्याकडे बंद पडला तेव्हा मी चादर टाकली होती बेटा. तुमच्यात हार घालतात. राहू दे.” मग विठाबाईनं चहा आणला आणि सगळे चाळीच्या सावलीत बसून प्यायले.

सध्या माझा खोका चाळीत उभा आहे आणि पोटातलं सगळं गोणपाटावर पसरलेलं आहे. सर्किट वाचलंय. ट्यूब गेली. सत्यजीत पुष्कळ दिवस रुसून बसला, आता पुन्हा येतो, शिव्या देत स्क्रू पिळतो. ग्रुपवाले अजून चपट्या स्क्रीनचं टुमणं लावून आहेत. आणि आबा रोज सकाळी येऊन माझे तुकडे कांद्यासारखे उलटेपालटे करतात. नका करू म्हणून सांगायची माझी ताकद संपली आहे.

काल घरात कोणी नव्हतं. आबा आले, इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या रिकाम्या काचेपुढं उभे राहिले. दांडी धरली. डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, बटण दाबलं, आणि तोंडानं विमानाचा आवाज काढायला लागले. मग गोळीचा. विमान पडलं वाटतं, कारण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर, अडगळीत, कुठल्या मोडक्या टीव्हीत एखादी शाबूत पिक्चर ट्यूब असेल, तर ती केंदूरला पाठवा. माझ्यासाठी नको, मी पुष्कळ जगलो. त्या माणसासाठी पाठवा. विमानाचा आवाज तसा नसतो हो.