धुण्याच्या दगडाखालची बाटली

मिनूशेटची चिठ्ठी बुधवारी आली. रविवारी फ्रान्सचा एक पाहुणा घेऊन येतो, बाटली दोन दिवस आधी काढून उभी करून ठेव, म्हणजे गाळ खाली बसेल, मग हलवू नकोस. राहीला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्याबद्दल चिठ्ठीत एक अक्षर नव्हतं. गाळाबद्दल दोन ओळी होत्या.

मी किहीमला त्यांच्या बंगल्याचा राखणदार. राही माझी बायको. बंगल्यावर काम आम्ही दोघं करायचो, नाव माझं होतं.

एकोणपन्नास साली दारूबंदी आली तेव्हा शेटच्या वडिलांच्या ठेवीतल्या सहा बाटल्या उरल्या होत्या. फ्रान्सची लाल वाइन, एकोणतीस सालची. शेट मुंबईत सॉलिसिटर. सरकारला कळवल्या तर बाटल्या जातील, घरात सापडल्या तर अब्रू जाईल, म्हणून टोपलीत पेंढा घालून त्या इथे आणल्या. आडव्या ठेवा, गार ठेवा, बूच सुकू देऊ नका, एवढं सांगून शेट रेवसच्या लाँचने परत गेले. किहीममध्ये मे महिन्यात वस्तू गार कशी ठेवायची, ते काही सांगितलं नाही.

ते राहीने ठरवलं. विहिरीजवळ कमरेएवढा खड्डा खणायला लावला. तळाला ओली रेती, तिच्यात बाटल्या निजवल्या, वर पुन्हा रेती, वर गोणपाट. सकाळी एक कळशी, संध्याकाळी एक कळशी. माहेरी लग्नाला गेली तरी संध्याकाळच्या कळशीला परत. एकदा अंगात ताप असताना उठली. मी म्हटलं, एक दिवस राहिलं तर काय बिघडतं. तर म्हणाली, "दुसऱ्याची ठेव हाय. आपली असती तर निजून ऱ्हायले असते."

त्या दिवसांत गूळ आणि नवसागर मडक्यात कुजत घालून जमिनीत पुरायचे धंदे गावोगाव चालत. आमच्या खड्ड्यावर ना झाड, ना वाफा, आणि बाई रोज रेतीवर पाणी ओतते. लोकांना दुसरं काय सुचणार? कुणीतरी कळवलं. त्रेपन्न सालच्या मार्चमध्ये पोलीस आले. पुढे आमच्या गावचा पोलीस पाटील येसाजी, तोच आमच्या गावकीचाही पुढारी. खणलं. मडकं निघालं नाही, परदेशी बाटल्या निघाल्या. पाच. सहावी कुंपणाकडून आलेल्या नारळाच्या मुळीने वर ढकलली होती म्हणून राहीने ती महिनाभर आधी आमच्या परसात, धुण्याच्या दगडाखाली नेली होती. तिथे बारा महिने ओल.

मी शेटकडे माणूस पाठवला. शेटचा उलट निरोप आला की माझं नाव आलं तर माझी वकिलीची सनद जाईल, तिला गप्प राहायला सांग, मी वकील देतो. तो निरोप मी राहीला जसाच्या तसा सांगितला. आणि वर माझ्या पदरचं म्हणालो, "गप ऱ्हा, शेट बघतील." हे शेटनी तिला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

वकील आला नाही. कोर्टात तिने सांगितलं की बाटल्या समुद्रात वाहून आल्या, मला सापडल्या, मी पुरल्या. तीन महिने अलिबागच्या तुरुंगात काढून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडापाशी गेली. तीन महिने मी पाणी ओतलं होतं. तिने दगडाखाली हात घालून पाहिलं आणि म्हणाली, "कमी पडलंय पानी."

गावकीने आम्हांला बाजूला काढलं. माझ्याशी बोलत, पण जेवायला येत नसत. तिला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. देवाची पालखी शेजारच्या दारात थांबायची आणि आमचं दार टाकून पुढे जायची. आठ वर्षं ती पालखीच्या दिवशी दारात सडा घालायची. गावात तिला नाव पडलं दारूवाली. जिने आयुष्यात दारूचा थेंब पाहिला तो पोलिसांनी बाटल्या फोडल्या तेव्हा.

गेल्या साली छातीच्या दुखण्याने गेली. खांदा द्यायला मी, तिचा भाऊ सदू आणि दोन कातकरी. गावकीचा एक माणूस नाही. मी येसाजीच्या दारात गेलो. तो म्हणाला, ज्याची दारू होती त्याने माझ्यासमोर आपल्या तोंडाने सांगावं, वर्षश्राद्धाला सगळी गावकी तुझ्याकडे जेवायला बसेल. मी शेटला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा म्हणाले, पुढच्या खेपेला. सोमवारी वर्षश्राद्ध होतं. रविवारी शेट येत होते, पण बाटलीसाठी.

मी बाटली काढली, उभी ठेवली. फोडावीशी वाटली. शनिवारी येसाजीकडे जाऊन सांगितलं की उद्या बंगल्यावर परदेशी बाटली उघडणार आहे, पोलीस पाटील म्हणून चार वाजता येऊन शेटचं दारूचं परमिट बघून जा. माझ्या परसात या, दगडापाशी. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, येतो.

रविवारी व्हरांड्यात टेबल मांडलं. पाहुणा उंच, म्हातारा, उन्हाने लाल झालेला. शेटनी बूच काढलं, सावकाश, पूजा केल्यासारखं. पाहुण्याने बूच हुंगलं, दाबून पाहिलं. मग शेटनी मेणबत्ती लावून तिच्यासमोर बाटली धरली आणि काचेच्या भांड्यात ओतली. गाळ मानेशी आला तिथे हात थांबवला. रंग मला वाटला होता रक्तासारखा असेल. तो विटेसारखा होता, कडेला पिवळट. पाहुण्याने ग्लास उजेडात धरला, गरगर फिरवला, नाक आत घातलं आणि तसाच राहिला. मग घोट घेऊन चूळ भरल्यासारखा तोंडात फिरवला, वर आवाज करून हवा ओढली. गिळल्यावर डोळे मिटून बसला.

चोवीस वर्षं बंगल्यात काढली, इंग्रजी थोडं समजतं. बाकीचं शेटनी मला मोठेपणाने मराठीत सांगितलं. ही दारू ज्या घराण्याची, ते सात पिढ्या तोच मळा करतात. घरात एक म्हातारी आहे, ती रोज मेणबत्ती घेऊन तळघरात उतरते आणि बाटल्या बघून येते. सगळ्या फ्रान्सला तिचं नाव माहीत आहे. पाहुणा म्हणत होता की इतक्या गरम देशात ही दारू अशी जिवंत राहिली यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, सांभाळली कुणी?

शेट म्हणाले, आम्ही पुरली होती. आम्ही.

माझ्या हातात काजूची बशी होती, ती मी टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली. पाहुण्याने विचारलं, जागा बघता येईल का? शेट विहिरीकडे हात करणार, तोच मी म्हटलं, "विहीर न्हाय. माझ्या परसात चला." पाहुणा ग्लास घेऊन उठलाच. शेटना मागे यावं लागलं.

दगडाशेजारी येसाजी बसला होता. उठून त्याने नमस्कार केला आणि परमिट मागितलं. शेट हसले, खिशातून काढून दिलं. डॉक्टरने लिहून दिल्यावर मिळतं तसलं. येसाजीने ते सावकाश वाचलं.

"हे औंदाचं. बाटली कवापासनं हाय हितं?"

शेट हातातला ग्लास फिरवू लागले. मी म्हणालो, "शेट, आत्ता पाव्हण्याला जे सांगितलंत ते पाटलाला मराठीत सांगा."

"चांगदेव, पाहुण्यासमोर नको नी."

"पाव्हण्याला तुम्ही सांगितलंच हाय. पाटलालाच तेवढं म्हाईत न्हाय. उद्या तिचं वर्षश्राद्ध. मी पानं किती मांडायची, ते तुमच्या तोंडात हाय."

पाहुणा एकदा माझ्याकडे, एकदा शेटकडे बघत होता. शेटनी ग्लासात पाहिलं. मग म्हणाले, "माझी. सहाही माझ्या, वडिलांच्या. तिने सांभाळल्या फक्त."

इतकंच. नऊ वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते एका दमात निघालं. आकाश कोसळलं नाही, सनद गेली नाही.

येसाजी म्हणाला, "पाच मी खनल्या. सहावी कुटं व्हती?"

मी दगड उचलला. खालची रेती अजून ओली होती, बाटलीच्या आकाराची खळी तशीच. येसाजी वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी याच दगडावर बसून पानी प्यालो. तिनंच दिलं व्हतं." माझ्याकडे वळून म्हणाला, "मग ती बोलली का न्हाय रं?"

शेटनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, आता हा सगळं माझ्यावर ढकलेल. ढकलण्यासारखं होतंच.

"मी गप ऱ्हा म्हनालो," मी सांगितलं.

येसाजीने परमिटाची घडी करून ते शेटच्या हातात दिलं. पाहुण्याला बहुधा थोडंफार कळलं असावं. त्याने आपला ग्लास माझ्यापुढे धरला. मला घ्यायचा नव्हता, पण घेतला. तिने चार वर्षं विहिरीपाशी आणि आठ वर्षं या दगडापाशी पाणी कशाला ओतलं, ते कुणीतरी चाखायला पाहिजे होतं.

पहिल्यांदा तुरट लागलं, जांभळाची साल चघळल्यासारखं. मग आंबट. मग गिळून झाल्यावर मागून ओल्या मातीचा वास आला आणि तो बराच वेळ गेला नाही. वाईट नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला. नासलेलं निघालं असतं तर म्हटलं असतं, बिचारीची मेहनत फुकट गेली. नासलं नव्हतं. तिने काम चोख केलं होतं, आणि ते ओळखायला फ्रान्सहून माणूस यावा लागला. शेटनी विचारलं, कशी वाटली. मी म्हटलं, पानी कमी पडलं न्हाय.

ते दोघं संध्याकाळच्या लाँचने गेले. रिकामी बाटली पाहुण्याला आठवण म्हणून हवी होती. मी दिली नाही.

सोमवारी गावकी आली. चाळीस पानं बसली. येसाजीने वडे दोनदा मागून घेतले. हात धुताना मला म्हणाला, "झालं गेलं इसर आता, चांगदेवा." मी त्याच्या हातावर पाणी घालत होतो, ते घालून संपवलं आणि पुढच्या माणसाकडे गेलो.

पंगत उठल्यावर येसाजीची बायको कृष्णाबाई आणि आणखी चारजणी पदर खोचून परसात आल्या. पातेली, पराती दगडावर मांडायला लागल्या. कृष्णाबाई म्हणाली, "सरा भावजी, आमी घासतो. राहीवैनीचंच काम हाय."

नऊ वर्षांत तिच्या तोंडून राहीवहिनी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"भांडी ठेवा खाली," मी म्हटलं. "ती व्हती तवा या दगडापाशी यायचं व्हतं. आता घरी जा."

त्या गेल्या. मी राख घेतली आणि चाळीस माणसांची भांडी एकट्याने घासली. अंधार पडायच्या आत झाली. शेवटी कळशी भरून दगडावर ओतली, रोजच्यासारखी. खाली आता काही नाही, हे मला माहीत आहे.